जुने केलेले बैल

पोळा आठवड्यावर आला की वाशीमकडच्या मालेगावच्या बसस्टँडसमोर हातगाड्या लागतात. गोंडे, बेगड, शिंगांना लावायचे रंग, नवे कासरे. यंदा त्यांतल्या दोन गाड्या नुसत्या प्लास्टिकच्या बैलांच्या होत्या. सगळे एका साच्यातले, पांढरेफटक. पोटाखालचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि एक चिरका आवाज येतो, तो बैलाचा आहे असं आपण मानायचं. मी शाळेतून घरी चालले होते. स्कूटी बाजूला घेऊन विचारलं, लाकडाचा नाही का? गाडीवाल्यानं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "लाकडाचा कोन घेते मॅडम आता?"

मी स्कूटी पुढे काढली. एके काळी मी घेत होते. तीन वर्षं घेत होते, त्यासाठी गावोगाव फिरत होते. फक्त नवा घेत नव्हते.

श्रावण सरत आल्याचे हे दिवस मला आता सोसत नाहीत. पाऊस मधेच थांबतो, उघाडीचं ऊन पाठीला चटका देतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं असतं आणि त्या हिरव्या उबेचा एक वास येतो. ओल्या पोत्यासारखा. लोकांना तो सणाचा वास वाटतो. मला त्यात धुराचा वास येतो. गोवरीच्या धुराचा, चहाच्या चोथ्याचा आणि करडईच्या तेलाचा. नवं लाकूड जुनं करायला एवढंच लागतं, हे मला चार वर्षांपूर्वी याच दिवसांत कळलं.

माझं माहेर इंझोरीचं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल सजवून दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि घरची बाई बैलाला कुंकू लावून पोराच्या हातावर काहीतरी ठेवते. त्याला आम्ही बोजारा म्हणतो. माझ्या भावाचा बैल तांबडा होता. त्याच्या कपाळाला बेगड मी चिकटवायची, शिंगांना गोंडे मी बांधायची, पाठीवरची झूल मी शिवायची. एकदा, सात-आठ वर्षांची असेन, सगळं सजवून झाल्यावर मी दोरी हातात घेतली आणि उंबऱ्याबाहेर पडले. काका ओसरीवर बसले होते. ते उठले, माझ्या हातातून दोरी काढून घेतली आणि भावाच्या हातात दिली. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. एखाद्याचा उलटा घातलेला सदरा सरळ करावा तसं त्यांनी ते केलं. ते रागावले असते तर कदाचित मी विसरले असते.

पुढे घर नव्यानं बांधलं, त्यात तो तांबडा बैल कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. भावाला तर आठवतही नाही. मी मालेगावच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले. एकदा आठवीतल्या एका मुलीनं स्थिरचित्रासाठी घरून पत्र्याची जुनी आगगाडी आणली. तिच्या आजोबांना जत्रेतून आणलेली. रंग उडालेला, चावीचं छिद्र घासून गुळगुळीत झालेलं. मुली चित्र काढत होत्या आणि मी त्या आगगाडीवरून डोळा काढू शकत नव्हते. तिथून मला हे वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी मी स्कूटी काढायची आणि खेड्यांत जाऊन विचारायची, माळ्यावर काही जुनं खेळणं पडलंय का. लाखेचे भोवरे मिळाले, पांगुळगाडे मिळाले, मोती ओवून केलेला एक सारीपाट मिळाला, कापडी बाहुल्या मिळाल्या ज्यांचे डोळे उंदरांनी खाल्ले होते. बायका हसायच्या. घरी न्यायचं, पुसायचं, कागदावर गाव आणि घर लिहून चिठ्ठी बांधायची. एक खोली भरली. पण लाकडी बैल मिळाला की मला जे व्हायचं ते दुसऱ्या कशानं होत नसे.

बैल कसा ओळखायचा हे मला किसनबाबानं शिकवलं. किसन सुतार, जऊळक्याचा. मी त्याला भेटले तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता. मुलगा राजू वाशीमला प्लायवूडची कपाटं बसवायच्या कामावर जायचा, घरी सून सुनंदा आणि हा. डाव्या हाताच्या अंगठ्याचं टोक कधीतरी लाकूड तासायच्या वाकसाखाली गेलेलं, पण वाकस चालवायचा हात अजून न कापणारा. मी एक बैल घेऊन त्याच्याकडे गेले होते, हा किती जुना असेल विचारायला. त्यानं तो हातात घेऊन आधी नाकाला लावला. मग म्हणाला, जुन्या लाकडाला वास नसतो.

मग प्रत्येक खेपेला काही ना काही सांगायचा. दोरीचं छिद्र पहा, ते वरच्या कडेला झिजलेलं पाहिजे, कारण लेकरू उभं राहून वर ओढतं. चाकाचं छिद्र गोल राहत नाही, लांबट होतं. रंग पाठीवरचा आधी जातो, पण कान आणि शिंग यांच्या बेचक्यात राहतो, तिथे लेकराचं बोट जात नाही. पोटाखाली वाकसाचे घाव तसेच असतात, कारण पोटाकडे कोणी बघत नाही. आणि कुठेतरी दातांचे व्रण असतात. दात येताना लेकरं बैलाचं शिंगच चावतात. मी हे सगळं वहीत लिहून घ्यायचे. तो मला बाई म्हणायचा, मी त्याला बाबा. बोलणं आमचं आमच्याच बोलीत चालायचं, शाळेतली भाषा मी जऊळक्याच्या फाट्यावर सोडून यायची. सुनंदा चहा आणायची. त्याच्या ओसरीवर खुंट्यांना ओळीनं नवे बैल टांगलेले असत, पांगाऱ्याचे, सागाचे, ताज्या काव रंगाचे. मी त्यांच्याखाली बसून जुन्या बैलांबद्दल बोलायचे.

पहिल्याच वर्षी त्यानं मला एक बैल दिला. म्हणाला, एका घरून मिळाला, तुमाले पायजे तं घ्या. काळपट, एका बाजूनं झिजलेला, शिंगाचं टोक गेलेलं. मी तो उराशी धरून आणला.

त्याच सुमारास पुण्याच्या बर्व्यांची ओळख झाली. जुन्या खेळण्यांचा त्यांचा मोठा संग्रह, त्यातून एक कायमचं दालन उभं करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांना वऱ्हाडातले बैल हवे होते. मी तो काळपट बैल त्यांना पाठवला. त्यांनी फोनवर विचारलं, कुठला? कोणाच्या घरचा? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझाच आहे. इंझोरीचा. लहानपणी मीच ओढायची.

का बोलले असं? मला कोणी भाग पाडलं नव्हतं. फोन ठेवल्यावर वाईट वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. ती दोरी एकदाची माझ्या हातात आली होती.

बर्व्यांना आणखी हवे होते. मी किसनबाबाला सांगितलं. पुढच्या दोन वर्षांत त्यानं एकेक करून आणखी पाच बैल दिले; बर्वे येऊन नेईपर्यंत ते माझ्याकडेच होते. प्रत्येकासोबत घर सांगायचा, त्या घरातल्या लेकराचं नाव सांगायचा. मोबदला कधी मागितला नाही, मी सुनंदाला लुगडं नेलं तर घ्यायचा. फक्त एक विचारायचा, पुण्याला लोक पाहतील का? मी म्हणायचे, पाहतील, दालनात ठेवतील. ते ऐकताना त्याच्या तोंडावर जे यायचं त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटायचं, म्हातारा माझ्यासाठी खूश होतोय.

चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या दोन दिवस आधी बर्वे स्वतः मालेगावला आले. त्याच सकाळी मी जऊळक्याहून आणखी एक बैल आणला होता. त्या पाचांनंतरचा सहावा. लहानसा, एकच शिंग, पाठीला आडवी चीर. तो देताना किसनबाबानं बराच वेळ हातातच धरला होता. म्हणाला, हा माझ्या बापानं केला होता माझ्यासाठी, आता ह्याच्यासोबत खेळायला माझ्याकडे कोण आहे. मी तो घाईनं पिशवीत घातला, कारण पाहुणे यायचे होते.

बर्व्यांनी टेबलावर पाचही बैल मांडायला सांगितले. खिशातून भिंग काढलं, एक बारीक पातं काढलं. एकेक बैल उलटा करून बघितला. दुसऱ्या बैलाच्या चाकाच्या छिद्रात पात्यानं जरासं खरवडलं आणि ते माझ्यापुढे धरलं. आत पिवळं लाकूड होतं. ताजं. आवाज न चढवता ते म्हणाले, पाचही एकाच हातानं जुने केलेत, मॅडम. झीज बरोबर जागी आहे, फार बरोबर आहे.

फार बरोबर असणारच होती. मला काय काय तपासायचं ते ज्यानं शिकवलं, त्यानंच ते केलं होतं. मला म्हाताऱ्याचा राग नव्हता आला, मला बर्व्यांपुढे लाज वाटली होती, आणि ती कोणावर तरी टाकायची होती. मीच म्हणाले, चला, आत्ताच जाऊन विचारू. सगळे बैल एका पोत्यात भरले. सहावाही त्यातच टाकला. गाडीत बर्व्यांनी विचारलं, आणि तो पहिला, तुमच्याकडचा? मी म्हणाले, तो माझा आहे, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. तेव्हाही बोलता आलं असतं. जऊळका येईपर्यंत पुरता अर्धा तास होता.

पुण्याची गाडी दारात थांबल्यावर शेजारपाजार गोळा झाला. पोळ्यासाठी राजू घरी आला होता. सुनंदा पिठाच्या हातानंच बाहेर आली. मी ओसरीवर पोतं उपडं केलं. बैल एकमेकांवर पडले. आणि मी बोलायला लागले ती शाळेतल्या भाषेत. बर्वे शेजारी उभे होते ना. मी म्हणाले, हे बैल तुम्ही केलेत का? हो किंवा नाही एवढंच सांगा. वर्गात चोरी सापडल्यावर विचारतात तसं.

किसनबाबा आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बहुधा मी कोणाच्या भाषेत बोलतेय हे त्याला कळत नव्हतं. मग म्हणाला, "व्हय. म्याच केले."

"म्हणजे तुम्ही मला फसवलं."

"फसवलं म्हन्ता तं फसवलं." तो उभा होता, तो खाली बसला. "पन बाई, तुमी तीन वर्सं ह्या ओसरीवर बसून राह्यल्या. माह्या हातचा एक नवा बैल तुमी कधी हातात नाई धरला. थे वरतं टांगून होते, तुमाले दिसत नव्हते. मंग म्या त्याइले गोवरीचा धूर देऊन, चहाचा चोथा अन् करडीचं तेल लावून जुनं केलं. तवा तुमी उराशी धरून नेले."

कोणीतरी मागे हसलं. राजूनं मान खाली घातली. लोकांपुढे बापाला असं बघायची त्याला सवय नव्हती. मला तेव्हा थांबता आलं असतं. पण बर्वे शांतपणे म्हणाले की झालं ते झालं, हे सगळं इथेच राहू दे, आणि मी पोतं तिथेच सोडून वळले. तेव्हा किसनबाबानं त्या ढिगातून तो एका शिंगाचा बैल उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"हा घेऊन जा बाई. हा खरा हाये. माह्या बापाचा हाये."

मी म्हणाले, "आता तुमचं कोणतं खरं मानायचं?"

त्यानं हात खाली घेतला. आम्ही गाडीत बसलो. वाटेत बर्वे पुण्यातल्या गर्दीबद्दल बोलत होते आणि मी हो हो करत होते.

त्या पोळ्याला मी घराबाहेर पडले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरं बैल घेऊन दारात आली. मी कडी उघडली नाही, आतूनच म्हटलं, बरं नाही.

थंडीच्या दिवसांत एकदा शाळेत शिपायानं निरोप आणला, जऊळक्याची कोणी बाई भेटायला आलीय. सुनंदा होती. बाजाराला आली होती, हातात एक प्लास्टिकची पिशवी. व्हरांड्यात उभ्या उभ्याच तिनं सांगितलं की त्या दिवशी आम्ही गेल्यावर सासऱ्यांनी पाणी तापवायच्या चुलीत सगळे बैल घातले. सहाच्या सहा. मग ओसरीवरचे नवेही घातले. वाकस माळ्यावर टाकला, त्यानंतर हात लावला नाही. कुऱ्हाडीचा दांडा बसवून द्या म्हणून कोणी आलं तरी नको म्हणतात. हे सगळं ती तक्रारीनं सांगत नव्हती. मग तिनं पिशवीतून एक फोटो काढला. सरकारी कामाचे कागद शोधताना सासऱ्यांच्या पेटीत सापडलेला. जत्रेतल्या स्टुडिओचा जुना फोटो, कडा पिवळ्या झालेल्या. पाच-सहा वर्षांचा एक पोरगा, तेलानं चप्प बसवलेले केस, घाबरलेले डोळे. हातात दोरी, दोरीला बैल. एकच शिंग. पाठीवर आडवी चीर, तेव्हाच पडलेली.

"म्या म्हनलं, तुमाले दाखवावं," सुनंदा म्हणाली. "तुमी वळखता ना जुनं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी फोटो परत दिला आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेले. त्या तासाला मुलांना काय शिकवलं ते आठवत नाही. जऊळक्याला जायला हवं होतं. आधी पेपर तपासायचे होते, मग ऊन होतं, मग शाळा सुरू झाली. माणसाला न जाण्यासाठी कारणं कमी पडत नाहीत. मी खेड्यांत फिरणं सोडलं. ती खोली बंद केली. कुलूप नाही लावलं, पण उघडतही नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा बर्व्यांचं दालन उघडून महिना झाला होता. त्यांनी अगत्यानं बोलावलं होतं. लोक हळू आवाजात बोलत फिरत होते. मधल्या काचेत, वरून दिवा सोडलेला, एकटा बैल ठेवला होता. काळपट, एका बाजूनं झिजलेला. मी काचेजवळ गेले. किसनबाबाची एक खोड आहे, बैलाचं वशिंड तो जरासं डावीकडे झुकवतो. खऱ्या बैलाचं असतं तसं. इतर सुतार ते मधोमध ठेवतात. त्याचे ते पाच बैल ओसरीवर एकमेकांवर पडले होते तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं होतं, आणि आता काचेतही तेच दिसत होतं. हाही त्यानंच केला होता. ज्या ओसरीवर मी त्याला खोटा म्हणाले, त्याच ओसरीवर.

खाली पट्टी होती. इंझोरी येथील शेतकरी घराण्यातील लाकडी बैल. मग माझं नाव, बालपणीच्या वापरातील, असं. आणि त्याखाली, कारागीर अज्ञात.

बर्वे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, हा आमच्याकडचा सगळ्यात प्रामाणिक नग आहे, कारण याचं बालपण आपल्याला माहीत आहे. ते ऐकून एका बाईनं आपल्या मुलीला उचलून काचेपाशी नेलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, बघ, ह्या आजी लहान असताना याच्याशी खेळायच्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी हसले.

या आठवड्यात, त्या प्लास्टिकच्या बैलांच्या गाडीवरून परत आल्यावर, मी जऊळक्याला गेले. चार वर्षांनी. किसनबाबा ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसला होता. डोळ्यांनी आता कमी दिसतं, बोटांनी सोलत होता. सुनंदानं माझं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, बसा म्हणाला, आणि मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. वर खुंट्या रिकाम्या होत्या.

मी सोलता सोलता सगळं सांगितलं. पहिला बैल माझा म्हणून पाठवला ते, गाडीत पुन्हा खोटं बोलले ते, काच, दिवा, ती मुलगी. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण ते शब्द आमच्या बोलीत कसे म्हणायचे ते मला सुचलं नाही. तो शेंगा सोलत ऐकत राहिला. शेवटी विचारलं, "काचंत ठुला?"

"हो."

"लोक पाह्यतेत?"

"खूप लोक पाह्यतेत, बाबा."

"लेकराइले हात लावू देतेत?"

मी नाही म्हणाले. त्यानं सुपातले दाणे सारखे केले. मग विचारलं, खाली काय लिवलं. मी सांगितलं. कारागीर अज्ञात हा शब्द त्याला कळला नाही. "म्हंजे?" त्यानं विचारलं.

"म्हंजे," मी म्हणाले, "कोनं केला थे मालूम नाई."

त्यानं हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"मालूम तं हाये तुमाले," तो म्हणाला.

मी घाईघाईनं म्हणाले, बर्व्यांना फोन करते, उद्याच करते, खरं काय ते सांगते. त्यानं पुढची शेंग उचलली. सुनंदानं आतून चहा आणला, मी तो प्याले, आणि उन्हं उतरायच्या आत परत निघाले.

त्याला पाच दिवस झाले. आज पोळा आहे. फोन माझ्यासमोर टेबलावर आहे, बर्व्यांचा नंबर त्यात आहे, आणि मी हा लेख लिहीत बसले आहे.